एक गोळी आणि एक घड्याळ : स्वस्त गोळ्या-टॉफ्यांचं परीक्षण कसं करावं

“छान आहे, गोड आहे.” नवशिक्याचं पहिलं परीक्षण बहुतेक वेळा एवढ्यावर आटोपतं. त्यातला ‘गोड’ हा शब्द तर निव्वळ वाया गेलेला. कडक गोळी म्हणजे साखर आणि ग्लुकोज सिरप. बाकी रंग, आम्ल, सुवास मिळून चिमूटभर. ती गोड असणारच. वाचणाऱ्याला हवं असतं ते त्यापुढचं.

अनेक पाकिटं रिकामी केल्यावर मला एक गोष्ट पटली आहे. गोळीची चव एका क्षणात ठरत नाही, ती तोंडात हळूहळू घडत जाते. बिस्किटाचा घास पंधरा सेकंदांत खाली उतरतो. कडक गोळी न चावता चोखली तर पाच-सात मिनिटं सहज पुरते. पहिल्या दहा सेकंदांत झकास वाटलेली गोळी तिसऱ्या मिनिटाला साखरेचा खडा होऊन बसते आणि सुरुवातीला मिळमिळीत वाटलेली शेवटी बाजी मारते. म्हणून जिभेइतकंच घड्याळ महत्त्वाचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच आधाराने आहेत.

पायरी १ : जात ओळखा

वेष्टनात गुंडाळलेल्या कुठल्याही गोड तुकड्याला आपण सर्रास ‘चॉकलेट’ म्हणतो. घरात चालतं, परीक्षणात नाही. आपल्या हातात नेमकं काय आहे हे आधी ठरवा, कारण प्रत्येक जातीचं चांगलं-वाईट वेगळं.

कडक गोळीचा पाक साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतात. त्यात पाणी उरतं जेमतेम १ ते ३ टक्के. थंड होताना साखरेचे स्फटिक बनत नाहीत, सगळा गोळा काचेसारखा गोठतो. स्फटिक बनू नयेत यासाठीच त्यात ग्लुकोज सिरप असतं. मऊ कॅरॅमलचा पाक १२० अंशांच्या आसपास उतरवतात. त्यातल्या दुधाची प्रथिनं आणि साखर यांची उष्णतेत जी प्रक्रिया होते, तिच्यातून तो तपकिरी रंग आणि खरपूस वास येतो. जेलीला आकार देतं जिलेटिन, पेक्टिन किंवा स्टार्च. काही गोळ्या पाकाच्या नसतातच. पूड साच्यात दाबून केलेल्या असतात. चॉकलेटचा कारभार आणखी वेगळा, तिथे सगळं स्निग्धावर चालतं.

एका बैठकीत एकच जात घ्या, शक्यतो एकाच स्वादाची. संत्र्याच्या पाच कडक गोळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींच्या चुगल्या करतात. संत्र्याची गोळी आणि दुधाची टॉफी शेजारी ठेवलीत तर तुम्हाला काय आवडतं एवढंच कळेल, गोळीबद्दल काही नाही.

पायरी २ : पाकीट तपासा

तारीख बघा, वेष्टन फाटलेलं नाही ना ते बघा आणि शक्य असेल तर एकाच गोळीची दोन पाकिटं वेगवेगळ्या बॅचची घ्या. स्वस्त मालात बॅचगणिक फरक पडतो.

कागद गोळीला चिकटून बसला असेल तर लगेच बनवणाऱ्याला दोष देऊ नका. काचेसारखी साखर हवेतली ओल शोषून घेते. पाकीट दमट जागी पडून राहिलं असेल तर उत्तम गोळीसुद्धा चिकट होते. तसं लिहायचं असेल तर “माझ्या पाकिटातल्या गोळ्या चिकटल्या होत्या” असं लिहा. “ही गोळी चिकट आहे” म्हणण्याआधी दुसरं पाकीट उघडा.

चॉकलेटवर पांढुरकी झाक दिसली की लोक बुरशी समजून टाकून देतात. बहुतेक वेळा ती एकतर वर आलेली चरबी असते किंवा ओल सुकल्यावर मागे राहिलेली साखर. बोटाने हलकेच चोळा. उष्णतेने झाक विरघळून नाहीशी झाली तर चरबी. खरखरीत लागली आणि गेली नाही तर साखर. दोन्ही खाऊन अपाय होत नाही, पण पोत बिघडलेला असतो, त्यामुळे त्या तुकड्यावरून परीक्षण करू नका.

पायरी ३ : घटकांची यादी दोनदा वाचा

पहिल्यांदा, चाखण्याआधी, फक्त दोन गोष्टींसाठी: ॲलर्जी आणि आहार. दूध, शेंगदाणे, सोया, गहू यांचा उल्लेख आहे का? शाकाहारी असाल तर जिलेटिन (प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून), ई १२० हा लाल रंग (कोचिनील किड्यांपासून) आणि ई ९०४ म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्याच्या स्रावापासून केलेली चकाकी, हे तिन्ही शोधा. बाकीची यादी हाताने झाका.

दुसऱ्यांदा, चाखून टिपणं झाल्यावर, सावकाश वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिली तीन नावं म्हणजे जवळपास अख्खी गोळी. आंबट गोळीत ई ३३० दिसलं तर ते सायट्रिक आम्ल, ई २९६ म्हणजे मॅलिक. चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या वडीत कोकोआ बटरऐवजी पाम तेल असेल तर ते यादीच सांगेल. कोकोआ बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडात गेल्या गेल्या वितळतं. त्याऐवजी वापरलेली काही तेलं त्याहून जास्त तापमानाला वितळतात आणि टाळ्यावर मेणासारखा थर ठेवतात. तो थर तुम्ही यादी वाचण्याआधीच टिपलेला असेल, तर तुमच्या जिभेवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

उलट्या क्रमाने केलंत तर? यादीत ‘पाम तेल’ वाचलेला माणूस मेणचट थर शोधत बसतो. आणि त्याला तो सापडतोच.

पायरी ४ : तोंड तयार करा

जेवणानंतर लगेच नको, दात घासल्यावर तर अजिबात नको. टूथपेस्टमध्ये फेसासाठी जो पदार्थ असतो तो गोडाची जाणीव दडपतो आणि आंबट वस्तू कडवट लागू लागतात. सर्दी झाली असेल तर बेत पुढे ढकला. का ते पुढच्या पायरीत येईलच. जवळ कोमट पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा ठेवा. गोळ्या फ्रिजमधल्या नकोत.

एका वेळी सहापेक्षा जास्त नमुने घेऊ नका. हे मी शिकलो ते स्वतःची जीभ सोलवटून घेऊन. एका संध्याकाळी हौसेने चौदा आंबट गोळ्या संपवल्या. नवव्या गोळीपासून टिपणांत नुसतं ‘आंबट, आंबट, फार आंबट’ आणि पुढचे दोन दिवस गरम चहा प्यायची चोरी. शेवटच्या सहा गोळ्यांबद्दल मला आजही काही सांगता येणार नाही.

क्रमही ठरवून घ्या. दुधाळ आणि सौम्य आधी, मग फळांच्या, मग आंबट, मग पुदिन्याच्या, तिखट सगळ्यात शेवटी. पुदिन्यातलं मेन्थॉल तोंड खरोखर गार करत नाही. थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंनाच ते चाळवतं. गंमत म्हणजे ज्या संशोधनातून हे उलगडलं, त्यातल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना तापमान व स्पर्श ओळखणाऱ्या शरीरातल्या संवेदकांच्या शोधाबद्दल २०२१चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. तुमच्यापुरता अर्थ एवढाच की पेपरमिंटनंतर तोंडात साधं पाणीही बर्फासारखं लागतं, आणि नंतरच्या गोळीला न्याय मिळत नाही.

पायरी ५ : आता गोळी तोंडात, नजर घड्याळावर

आधी हातात घ्या, उजेडात धरा, नाकाशी न्या. मग नाक चिमटीत धरून गोळी जिभेवर ठेवा.

पंधरा सेकंद नाक सोडू नका. या वेळात फक्त गोड आणि आंबट कळेल. ती संत्र्याची की अननसाची, याचा पत्ता लागणार नाही. नाक सोडलंत की एकदम फळ ‘उगवतं’. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वास असतो, हे एकदा असं अनुभवलं की पुन्हा सांगावं लागत नाही. या चाचणीचा फायदा असा की गोळीचा पाया आणि तिचा सुवास तुम्हाला वेगवेगळे तपासता येतात. काही गोळ्यांचा सुवास सुंदर असतो, पण खालचा गोड-आंबट तोल गेलेला असतो. काहींचं नेमकं उलट.

जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असा नकाशा शाळेत शिकला असाल तर तो विसरून जा. १९०१च्या एका जर्मन अभ्यासात जिभेच्या भागांमध्ये किंचित फरक आढळला होता. पुढे त्याचा विपर्यास होऊन तो नकाशा जन्माला आला. सगळ्या चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात. गोळी तोंडभर फिरवा.

आता टिपणं. मी वहीत चार वेळा लिहितो: दहाव्या सेकंदाला, पहिल्या मिनिटाला, गोळी अर्धी झाल्यावर आणि संपल्यानंतर दोन मिनिटांनी.

दहाव्या सेकंदाला कळतो तो पृष्ठभाग: खडबडीत की गुळगुळीत, वर साखरेचे रवे आहेत का, आंबट पूड लावली आहे का. स्वस्त आंबट गोळ्यांची फसवणूक इथेच असते. सगळी आंबटाई वरच्या पुडीत. ती विसाव्या सेकंदाला संपते आणि आत उरतो नुसता गोडमिट्ट गोळा. नुसत्या अंगरख्यावर मिरवणारी गोळी पहिल्या मिनिटाच्या टिपणात पकडली जाते.

पहिल्या मिनिटाला आम्लाचा स्वभाव समजतो. सायट्रिक आम्ल झटकन चढतं आणि झटकन उतरतं. मॅलिक हळूहळू वर येतं आणि रेंगाळतं; सफरचंदातलं आम्ल ते हेच. चांगल्या आंबट गोळ्यांत अनेकदा दोन्ही मिसळलेली असतात, त्यामुळे आंबटाई मध्येच तुटत नाही. घटकांच्या यादीत नंतर हे पडताळून बघायला मजा येते.

गोळी अर्धी झाली की जिभेला धारदार कडा लागतात का? पाकात हवेचे बुडबुडे अडकले असतील तर गोळी झिजल्यावर ते उघडे पडतात आणि त्यांच्या कडा जीभ कापतात. असं झालं तर परीक्षणात जरूर लिहा. गोळी लहान मुलाच्या हातात पडायची असेल तर याहून महत्त्वाचं काही नाही.

शेवटचं टिपण लोक हमखास विसरतात. गोळी संपली, दोन मिनिटं झाली: तोंडात काय आहे? स्वच्छ? चिकट? कडवट? साबणासारखं काही? साखरमुक्त गोळ्यांचा खरा निकाल इथेच लागतो.

हे सगळं न चावता. मग दुसरी गोळी घ्या आणि कडाकडा फोडा. पहिल्याच चाव्यात काचेसारखी तुटली तर गोळी कोरडी आणि ताजी. दाताला चिकटून बसली तर ओल शिरलेली.

टॉफीला घड्याळ वेगळं लावायचं: किती वेळ चावल्यावर ती मऊ पडते, दाढेत किती उरते, मध्येच रवाळ होते का. जेलीत दोन कुळं सहज ओळखता येतात. जिलेटिनची जेली रबरासारखी ताणली जाते आणि तोंडाच्या उष्णतेने हळूहळू विरघळते. पेक्टिनची ताणली न जाता मऊपणे तुटते. दाबलेल्या डेक्स्ट्रोजच्या (म्हणजे ग्लुकोजच्या पुडीच्या) गोळ्या जिभेवर गार लागतात. तिथे मेन्थॉलची करामत नाही. विरघळताना त्या खरंच उष्णता ओढून घेतात.

पायरी ६ : शब्द शोधा

इथे आपली भाषा श्रीमंत आहे आणि आपण ती वापरत नाही. ‘टेक्स्चर चांगलं आहे’ असं कुणी लिहिलं की मला हळहळ वाटते. गोळी ठिसूळ आहे, कडक आहे की दगडासारखी आहे? जेली लुसलुशीत, लिबलिबीत की वातड? टॉफी चिवट की चिकट? चिवट टॉफी दातांना कामाला लावते, चिकट टॉफी दात सोडत नाही. पहिली दोष असेलच असं नाही. आत रवाळ आहे की भुसभुशीत? चॉकलेट मऊसूत की मेणचट?

चवीचंही तसंच. आंबट, आंबूस, आंबटगोड, दात आंबवणारं आंबट. या चार वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरॅमल खमंग, खरपूस की करपट? या तीन शब्दांच्या मध्ये पाकाच्या थोड्याशा अंशांचाच फरक असतो. वास मंद, उग्र की पानचट? गोडी कशी उतरते, अलगद की घशात खवखव ठेवून?

फळांच्या स्वादाबद्दल एक इशारा. ‘खऱ्या फळासारखी लागत नाही’ हा आक्षेप सोपा आहे, पण फुसका. खऱ्या फळाच्या वासात कितीतरी रेणू असतात. स्वस्त गोळीत त्यातले एक-दोन मुख्य. केळ्याच्या गोळीत बहुतेक काम एकटं आयसोअमाइल ॲसिटेट करतं, चेरीच्या स्वादात बेंझाल्डिहाइड, आणि तेच कडू बदामाच्या वासातही असतं. द्राक्षाच्या गोळीतलं मिथाइल अँथ्रानिलेट कॉनकॉर्ड नावाच्या जांभळ्या द्राक्षांत ठळक असतं. तुम्ही खाल्लेली द्राक्षं दुसऱ्या जातीची असतील तर ‘हे कसलं द्राक्ष’ असंच वाटणार. मी वेगळे प्रश्न विचारतो: डोळे मिटून फळ ओळखू येतं का? ते शेवटपर्यंत टिकतं का? गोळीतलं केळं हे आता स्वतंत्र फळच झालं आहे, त्याला झाडावरच्या केळ्याशी झुंजवू नका.

पायरी ७ : डोळे बांधा

रंग जिभेला फसवतो, आणि तो भल्याभल्यांना फसवतो. फ्रान्समधल्या बोर्दो इथे पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली गेली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. माझी फजिती याहून घरगुती. बहिणीने डोळ्यांवर रुमाल बांधून एक गोळी दिली, मी छातीठोकपणे स्ट्रॉबेरी म्हणालो. निघाली हिरवी. वर ती अर्धा तास हसत होती.

तेव्हा पाकिटातल्या वेगवेगळ्या रंगांची चव खरोखर वेगळी आहे का, हे डोळे बांधूनच ठरवा. दोन ब्रँड वेगळे लागतात असा दावा करायचा असेल तर तीन नमुन्यांची चाचणी घ्या: दुसऱ्या कुणीतरी तीन गोळ्या द्यायच्या, दोन एकसारख्या, एक वेगळी, वेगळी कोणती ते तुम्ही सांगायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता ३ पैकी १, म्हणून एकदा जमलं याला अर्थ नाही. सलग पाच वेळा जमलं तर शक्यता २४३ पैकी १ उरते, मग खुशाल लिहा. मधे पाणी प्या, आणि देणाऱ्याचा चेहरा बघू नका.

पायरी ८ : गुण

अन्न चाखणाऱ्या मंडळींमध्ये नऊ पायऱ्यांची आवडीची मोजपट्टी वापरतात: ‘अत्यंत नावडतं’पासून ‘अत्यंत आवडतं’पर्यंत, मध्ये पाचवर ‘ना आवड ना नावड’. अमेरिकी सैन्याच्या जेवणावर काम करताना ती तयार झाली. ती घ्या किंवा दहापैकी द्या, पण सगळ्या गोळ्यांना एकच पट्टी लावा आणि दिसणं, चव, पोत यांची सरासरी काढत बसू नका. चवीला दोन आणि दिसण्याला दहा मिळवणारी गोळी सरासरीत ‘बरी’ ठरते. ती बरी नसते.

मी गुणांशेजारी एकच प्रश्न लिहितो: पाकीट समोर उघडं असताना दुसरी उचलली का? स्वस्त गोळीला महागड्या चॉकलेटच्या मापाने मोजू नका. तिच्याच जातीतल्या, तिच्याच किमतीच्या गोळ्यांमध्ये ती कुठे बसते ते सांगा. किंमत बघायची ती वजनाच्या हिशेबाने, पाकिटाच्या आकाराने नव्हे. फुगलेल्या पाकिटात हवाही असते.

पायरी ९ : लिहा

हे वाचा: “खूप छान गोळी आहे, चव मस्त, मुलांना आवडेल.”

आणि हे: “वर आंबट पूड, पण वीस सेकंदांतच संपते. पहिल्या मिनिटापर्यंत लिंबू स्पष्ट, नंतर फक्त गोड. अर्धी झाल्यावर डाव्या कडेला जीभ कापली. दोन्ही पाकिटांत तसंच. चावल्यावर स्वच्छ तुटते. शेवटी तोंडात कडवटपणा नाही. आंबटासाठी घेणार असाल तर घेऊ नका, प्रवासात चघळायला ठीक.”

दुसऱ्या परीक्षणात एकही अवघड शब्द नाही. फक्त वेळ आहे, आणि कुणासाठी काय हे आहे. किती गोळ्या, किती पाकिटं, डोळे बांधून की उघड्या डोळ्यांनी, हेही एका ओळीत सांगून टाका. फुकट मिळालेलं पाकीट असेल तर तेही.

आणि शरीराचं काय?

तोंडातली आम्लता वाढून पीएचचा आकडा ५.५च्या खाली गेला (आम्लता जितकी जास्त, तितका हा आकडा कमी) की दातांचं कवच झिजू लागतं. आंबट गोळ्या ते सहज करतात. बैठक संपल्यावर पाण्याने चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. मोठ्या माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. सहा गोळ्यांतच त्यातला बराच वाटा संपतो. म्हणून टिपण झालं की उरलेली गोळी थुंकून टाका; व्यावसायिक चाखणारेही थुंकतातच, लाज वाटायचं कारण नाही. मात्र एक तरी शेवटपर्यंत चोखा, नाहीतर शेवटचं टिपण कसलं लिहिणार?

साखरमुक्त गोळ्यांतल्या सॉर्बिटॉल-माल्टिटॉलने पोट ढाळतं, तिथे तीनवर थांबा. झायलिटॉल असलेली गोळी कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, ते त्याच्यासाठी विष आहे. अगदी लहान मुलांना कडक गोळी चाखायला बसवू नका. ती घशात अडकू शकते.

रिकामं वेष्टन वहीत चिकटवून ठेवा, बॅच क्रमांकासकट. सहा महिन्यांनी तीच गोळी पुन्हा घ्या आणि जुनं टिपण न वाचता नवं लिहा.